मतालाही भाव मागा



निवडणूक आली की बीड लोकसभा मतदारसंघाचा एकच हिशेब पेपरात छापून येतो. मराठा इतके, वंजारी इतके, दलित इतके, मुसलमान इतके, धनगर इतके. बेरीज-वजाबाकी केली की झाला बीडचा खासदार. आम्ही गावोगाव हिंडतो तेव्हा पारावर बसलेला आपला माणूसही हा हिशेब तोंडपाठ म्हणून दाखवतो. त्यालाच विचारले, बाबा, कापसाला यंदा एकरी खर्च किती आला? तर तो डोके खाजवतो.

आम्ही शेतकीचे शिक्षण घेतलेली माणसे. एका हंगामावरून जमिनीची पारख करू नये, हे आम्हाला शिकवले गेले. मतदारसंघाचेही तसेच आहे. म्हणून पहिल्या निवडणुकीपासूनचे सगळे निकाल एका कागदावर मांडले. १९५२ ते २०२४ अशा १८ सार्वत्रिक निवडणुका आणि २०१४ ची एक पोटनिवडणूक, म्हणजे १९ वेळा बीडने खासदार निवडला. कागद समोर आल्यावर आमचीही काही मते बदलली.

१९५२ साली बीड हैदराबाद राज्यात होते. निजामी राजवट जाऊन चारच वर्षे झाली होती. कम्युनिस्ट पक्षावर तेथे बंदी होती, म्हणून डावे कार्यकर्ते पी.डी.एफ. या आघाडीच्या नावाने लढले. देशभर काँग्रेसचे वारे असताना बीडने त्या आघाडीचे रामचंद्र गोविंद परांजपे यांना दिल्लीला पाठवले. १९५७ ला रखमाजी पाटील आणि १९६२ ला द्वारकादास मंत्री हे काँग्रेसचे खासदार झाले. १९६७ ला पुन्हा उलटे झाले. देशात ओळीने दोन वर्षे पावसाने दगा दिला होता, पी.एल. ४८० च्या गव्हावर दिवस निघत होते. त्या वर्षी बीडने भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना निवडले. साताऱ्याच्या प्रतिसरकारचा हा माणूस, येथे ना त्याचे गाव ना गणगोत. १९७१ ला इंदिरा गांधींच्या लाटेत सयाजीराव पंडित आले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या, लाल मिलो खाऊन जगलेल्या पिढीने १९७७ ला मार्क्सवादी पक्षाचे गंगाधर आप्पा बुरांडे निवडले. त्या वर्षी या पक्षाला महाराष्ट्रात तीनच जागा मिळाल्या, त्यांतली एक बीडची.

१९८०, १९८४ आणि १९९१ ला काँग्रेसच्या केशरबाई क्षीरसागर. मध्ये १९८९ ला जनता दलाचे बबनराव ढाकणे, तेही शेजारच्या पाथर्डीचे. १९९६ ला भाजपच्या रजनी पाटील. १९९८ आणि १९९९ ला भाजपचे जयसिंगराव गायकवाड, आणि २००४ ला तेच जयसिंगराव, पण राष्ट्रवादी काँग्रेसचे. २००९ आणि २०१४ ला गोपीनाथ मुंडे. त्यांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत आणि २०१९ ला प्रीतम मुंडे. २०२४ ला शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे बजरंग सोनवणे.

आता बेरीज करा. तीन वेळा लाल बावटा, सहा वेळा काँग्रेस, एकदा जनता दल, सात वेळा भाजप, दोन वेळा राष्ट्रवादीची दोन घरे. १९ पैकी सहा वेळा बाई निवडून आली. दोन वेळा जिल्ह्याबाहेरचा माणूस आला. परांजपे, मंत्री, क्षीरसागर या आडनावांमागे जातीची मोठी फलटण नव्हती. बीडचा मतदार जातीच्या दावणीला बांधलेला आहे असे म्हणणाऱ्याने हा कागद एकदा वाचावा. बालाघाटावरच्या आणि गंगथडीच्या आपल्या बापजाद्यांनी वेळ आली तेव्हा जात, पक्ष, गाव, सगळे बाजूला ठेवून मत दिले आहे.

मग गेल्या तीस वर्षांत काय झाले? आमचे मत असे की, मत जोरात पडत राहिले, पण त्यासोबत मागणी जायची बंद झाली.

१९८९ चे उदाहरण घ्या. त्या निवडणुकीत शेतकऱ्याच्या कर्जाचा विषय जाहीरनाम्यात आला. १९९० ला दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जमुक्ती झाली. ती पुरेशी होती का, हा वेगळा वाद. पण मत दिले आणि त्याची पावती मिळाली. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत पाच एकरांची अट लागली. पाण्याखालच्या तीन एकरवाल्याचे सगळे कर्ज माफ झाले. आष्टी-पाटोद्याच्या मुरमाड रानात बारा एकर कोरडवाहू असलेल्याला मात्र आधी बाकी भरा, मग सूट घ्या, असे सांगितले गेले. जमीन मोजली, तिच्यातले पाणी मोजले नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाजूने त्या वेळी दिल्लीत कोण बोलले? आणि २००९ च्या प्रचारात आपण तरी कोणत्या उमेदवाराला याचा जाब विचारला?

त्यानंतरच्या लढती माणसाच्या नावावर झाल्या. गोपीनाथराव ऊसतोड मजुरांच्या मुलखातून वर आले, त्यांच्याविषयी लोकांना आपलेपणा होता, तो खोटा नव्हता. ऑक्टोबर २०१४ च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीने उमेदवारच दिला नाही आणि प्रीतम मुंडे ६ लाख ९६ हजार ३२१ मतांनी निवडून आल्या. दुःखात दिलेले ते मत होते, त्याचा आम्ही आदर करतो. पण सात लाखांच्या मताधिक्याने त्या हंगामातल्या कापसाचा भाव क्विंटलमागे एक रुपयाने वाढला नाही, हेही लिहिले पाहिजे. मताधिक्य जेवढे मोठे तेवढी पुढाऱ्याची झोप गाढ.

२०१९ ला मताधिक्य १ लाख ६८ हजारांवर आले. २०२४ ला वारे फिरले. आरक्षणाच्या आंदोलनानंतर गावागावांत मराठा आणि ओबीसी अशी रेघ ओढली गेली. चहाची हॉटेले वेगळी झाली. एकमेकांच्या दुकानातला किराणा बंद झाला. १३ मे २०२४ ला सुमारे ७१ टक्के मतदान झाले. बीड, गेवराई आणि केजमध्ये सोनवणे पुढे, परळी आणि आष्टीत पंकजा मुंडे पुढे, माजलगावात जवळजवळ बरोबरी. शेवटी फरक किती, तर ६ हजार ५५३ मतांचा. त्याच निवडणुकीत नुसत्या तुतारीचे चिन्ह घेतलेला एक अपक्ष पन्नास हजारांवर मते घेऊन गेला. साडेसहा हजार म्हणजे चार-पाच मोठ्या गावांचे मतदान.

एवढ्या चुरशीच्या निवडणुकीत कापूस कोठे होता? २०२२ च्या सुरुवातीला दहा हजारांवर गेलेला भाव त्या मे महिन्यात सात-साडेसात हजारांत घुटमळत होता. भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेल्या कापसाने पोरांच्या अंगाला खाज सुटली होती. वडवणी, धारूर, अंबाजोगाई हे तालुके सरकारी कागदावर दुष्काळी होते. त्या दिवसांत वडवणी तालुक्यातल्या एका गावात आम्ही बैठक घेतली. एका भिंतीला मराठा शेतकरी टेकलेले, समोरच्या भिंतीला वंजारी. दोन्हीकडच्यांना आम्ही एकच प्रश्न विचारला : कापूस कोणाला घातला आणि काय भावाने? दोन्ही भिंतींनी एकाच व्यापाऱ्याचे नाव आणि एकच भाव सांगितला. काट्यावर गाडी चढली की तिची जात कोणी विचारत नाही. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आपलं भांडण भिंतीशी लागलंय, वासा कोण काढून न्यायलाय ते बघतच नाही."

आरक्षण मागणाऱ्या पोरांना आम्ही नावे ठेवणार नाही आणि आपले आरक्षण जाईल म्हणून धास्तावलेल्यांनाही नाही. दोघांची शेती तोट्यात आहे, म्हणून दोघेही नोकरीच्या दारात उभे आहेत. कापूस आणि ज्वारी परवडली असती तर शिपायाच्या एका जागेसाठी दोन भावांनी एकमेकांचे तोंड पाहणे सोडले नसते.

आता या साडेसहा हजारांची ताकद पाहा. ४ जून २०२४ ला निकाल लागला. मराठवाड्याच्या आठ जागांपैकी महायुतीला एकच मिळाली. त्याच महिन्याच्या २८ तारखेला राज्याचा अर्थसंकल्प आला. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी पाच हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत. विहीरच नसलेल्या कोरडवाहू माणसाला मोफत विजेचा उपयोग काय, हे आम्ही तेव्हाही विचारले. पण बहिणींच्या खात्यात दीड हजार येऊ लागले आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी कर्जमाफीचे वचनही आले. बीडने तेवढ्यावर पारडे फिरवले. २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात सहापैकी पाच जागा महायुतीला दिल्या.

आणि त्यानंतर? मार्च २०२५ च्या शेवटी अर्थमंत्र्यांनीच सांगितले की ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा. एक रुपयातला पीकविमा त्या खरिपापासून बंद झाला. कापसाला पाच टक्के हप्ता आला आणि नुकसानीची भरपाई फक्त पीककापणी प्रयोगावर ठरू लागली. सप्टेंबरमध्ये ढगफुटीने सिंदफणा आणि गोदावरी काठची शिवारे पाण्याखाली गेली, तेव्हा स्थानिक आपत्तीचे कलमच विम्यात उरले नव्हते. २०२० साली विमा कंपन्या या जिल्ह्यात यायला तयार नव्हत्या, तेव्हा कंपनीच्या नफ्याला मर्यादा घालणारा 'बीड पॅटर्न' येथेच सुरू झाला. त्याच बीडवर ही वेळ आली. दिल्लीने १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढले, आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमके आपल्या वेचणीच्या दिवसांत. हमीभाव ८ हजार ११० जाहीर झाला होता. तो मिळवायचा तर सी.सी.आय.च्या केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या आत दाखवा. पाण्यात भिजलेला कापूस बारा टक्क्यांत कसा बसवायचा, ते कोणी सांगितले नाही.

यात एका पक्षाचा दोष काढून दुसऱ्याची भलावण करायचा आमचा हेतू नाही. आयातशुल्क २०२२ मध्येही काढले होते. एकाधिकार खरेदीत चुकाऱ्यासाठी वर्ष-वर्ष थांबवणारे सरकार दुसऱ्या पक्षाचे होते. सगळ्यांना आपले गणित नीट कळते. आपण पडेल मत देतो तेव्हा ते घाबरतात आणि देतात. आपण भरभरून देतो तेव्हा ते विसरतात. दिवाळीच्या सणाला पैसे नाहीत म्हणून पहिल्या वेचणीचा कापूस आपण खेडा खरेदीवाल्याला सांगेल त्या भावाने घालतो. मताचेही तेच करतो. आदल्या रात्री जो दारात येईल त्याला, त्याच्या काट्याने.

आणखी एक गोष्ट. ज्याच्या नावाने या जिल्ह्यात सर्वांत जास्त भाषणे होतात तो ऊसतोडीचा कोयता. लोकसभेचे मतदान उन्हाळ्यात असते, कोयता गावात असतो, म्हणून सगळे त्याच्या पाया पडतात. विधानसभेचे मतदान नोव्हेंबरात आले तेव्हा मुकादमाची उचल घेतलेली कितीतरी जोडपी पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेला लागली होती. कारखान्याच्या फडात मतदानाची सोय नाही. ज्याचे मत पोहोचत नाही त्याची मजुरीही वाढत नाही.

म्हणून जिल्हा मेळाव्यापुढे आम्ही एक साधा ठराव ठेवत आहोत. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत, मग ती जिल्हा परिषदेची असो की लोकसभेची, गावाने प्रचाराच्या पहिल्या आठवड्यात एक बैठक घ्यावी. सगळ्या भिंतींची माणसे एकत्र, बाया पुढे. एका कागदावर तीन प्रश्न लिहावेत. कापसाच्या वेचणीच्या काळात आयातशुल्क काढायला तुम्ही विरोध कराल का? आपत्तीची भरपाई विम्यात परत आणाल का? कोयत्याला फडावर मताचा अधिकार मिळवून द्याल का? उमेदवाराची सही घ्यावी, उत्तर मारुतीच्या पारावर चिकटवावे. जो सही करणार नाही त्याचेही नाव चिकटवावे. त्यानंतर ज्याला मत द्यायचे त्याला द्या. जातीला द्या, पक्षाला द्या, पाहुण्याला द्या, आम्ही विचारणार नाही. पण कागद वाचल्याशिवाय देऊ नका.

परळी-बीड-अहिल्यानगर रेल्वे १९९५ साली मंजूर झाली. तीस वर्षे प्रत्येक निवडणुकीत ती बीडला येत राहिली आणि खरोखरची गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला आली. सही घेऊन ठेवली असती तर ती लवकर आली असती की नाही, कोण सांगणार? पण तीस वर्षे तेच भाषण पुन्हा पुन्हा ऐकून टाळ्या तरी वाजवाव्या लागल्या नसत्या.

६ हजार ५५३ हा आकडा गावागावांत लिहून ठेवा. एका बैठकीला चारशे माणसे जमली तर अशा सोळा-सतरा गावांत बीडचा खासदार ठरतो. ही गावे आपल्याला माहीत आहेत. मेळाव्याहून परत गेल्यावर पहिली बैठक कोणत्या गावात घ्यायची, तेवढे आजच ठरवून उठू या.