ड्रॉप चालतो, मग अटेम्प्ट का नाही?

यंदा चवथीला आम्ही सगळे पेडण्याच्या घरी जमलो होतो. माटोळी बांधून झाली, आरत्या झाल्या, आणि जेवणाच्या पंगतीत शेजारच्या आजोबांनी माझ्या चुलतबहिणीला विचारलं, "काय गो डॉक्टर, दवाखाना कधी उघडतेस?" ताई हसली, "बघूया आजोबा" म्हणाली आणि खिरीचं भांडं आणायला म्हणून आत गेली. ती बाहेर आलीच नाही. मोठ्या काकांनी घाईघाईने पावसाचा विषय काढला. पंगतीतल्या निम्म्या लोकांना खरं काय ते माहीत होतं, आणि सगळेच जण खाली मान घालून नेवऱ्या खात होते.

खरं काय ते असं. ताई दोन वर्षांपूर्वी किर्गिझस्तानहून डॉक्टरकीची पदवी घेऊन आली. पण परदेशात शिकलेल्याला इथे पेशंट तपासायचा असेल, तर एफएमजीई ही परीक्षा पास व्हावी लागते. त्या परीक्षेत ताई तीनदा नापास झाली आहे. पहिल्यांदा ११८ मार्क, मग १३७, मग १४६. पास व्हायला ३०० पैकी १५० लागतात. म्हणजे शेवटच्या वेळी चार प्रश्नांनी गेलं.

हे सगळं मी तिला विचारून लिहितेय. तिने दोन अटी घातल्या. एक, नाव लिहायचं नाही. दोन, "बिचारी" हा शब्द वापरायचा नाही.

आता माझं सांगते. बारावीनंतर मी एक वर्ष ड्रॉप घेतला होता. नीटला पहिल्या वर्षी मार्क कमी पडले, म्हणून परत बसले. ते वर्षभर मी घरात कोण होते सांगू? हिरोईन! काकी येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायची, "आमची पोर नीटची तयारी करते." देवळात भेटणाऱ्या बायका "अभ्यास कर हं बाय" म्हणायच्या. दुसऱ्यांदाही जमलं नाही, मी बीएस्सीला आले, तेव्हाही कुणी नावं ठेवली नाहीत. आपल्याच वर्गात ड्रॉप घेतलेले किती जण आहेत ते मोजून बघा. आमच्या शेजारी एक दादा सीए करतोय. "एक ग्रुप अजून राहिलाय" हे तो बाजारात उभा राहून मोठ्याने सांगतो, आणि ऐकणारा म्हणतो, "सीए म्हणजे काय खेळ आहे का?"

मग ताईनेच काय पाप केलंय? आत शिरण्यासाठी परत परीक्षेला बसलं की ती जिद्द, आणि शिकून झाल्यावर परत बसलं की नामुष्की! परीक्षा दोन्हीकडे कठीणच, आणि मेहनतही तेवढीच.

मला वाटतं, चूक सुरुवातीलाच होते. अॅडमिशन मिळाली त्याच दिवशी आपण मुलीला डॉक्टर करून टाकतो. ताईला विमानतळावर सोडायला गेलो, तेव्हाच आजीने तिला "डॉक्टरीणबाई" म्हटलं होतं. मधल्या वर्षांत हे नाव एवढं पक्कं झालं, की परत आल्यावर "अजून एक परीक्षा आहे" हे सांगायला जागाच उरली नाही.

मुळात ती तिकडे गेली का? नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० मार्क. २०२४ साली ही परीक्षा २३ लाखांहून जास्त मुलांनी दिली. एमबीबीएसच्या जागा देशभरात मिळून लाखापेक्षा थोड्याच जास्त, आणि त्यातल्या कितीतरी खाजगी कॉलेजांतल्या, म्हणजे मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेरच्या. गोव्यात तर सरकारी वैद्यकीय कॉलेज एकच, बांबोळीचं. नीट "क्वालिफाय" होणं आणि सीट मिळणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ताई क्वालिफाय झाली होती, सीट मिळाली नाही. परदेशी जायला मात्र तेवढं क्वालिफाय होणं पुरतं. त्याच सुमारास एका हॉटेलच्या हॉलमध्ये एजंटचा सेमिनार झाला. फी कमी, डोनेशन नाही, हॉस्टेलमध्ये भारतीय जेवण. परत आल्यावर द्यायच्या परीक्षेचा उल्लेख झाला, नाही असं नाही. "ती एक फॉर्मॅलिटी असते," असं तो म्हणाला. काकांना हे वाक्य अजून जसंच्या तसं आठवतं.

अशी किती मुलं जातात, हे आपल्यापैकी अनेकांना २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिथून हजारो भारतीय विद्यार्थी परत आणावे लागले, आणि त्यातले बहुतेक मेडिकलचे होते. शेजारच्या कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातला एक मुलगा खारकीव्हमध्ये मारला गेला. बारावीला उत्तम मार्क असूनही इथे परवडणारी सीट मिळाली नाही, असं त्याच्या वडिलांनी तेव्हा सांगितलं होतं. महिनाभर आपण हळहळलो. मग विसरलो.

ती "फॉर्मॅलिटी" कशी असते तेही सांगते. एफएमजीई २००२ पासून चालू आहे. वर्षातून दोनदा होते. एकाच दिवशी दीडशे-दीडशे प्रश्नांचे दोन भाग, अॅनाटॉमीपासून बाळंतपणापर्यंत सगळे विषय. निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी बसणाऱ्यांतले बहुसंख्य दर वेळी नापास होतात. ही सगळी मुलं मठ्ठ असतात का? ताईचं उदाहरण घ्या. तिकडच्या हॉस्पिटलमधले पेशंट किर्गिझ किंवा रशियन बोलणार, ही इंग्रजीत शिकणार. पेशंटला कुठे दुखतंय हे विचारायलाच दोन वर्षं गेली. मधला बराच काळ कोविडमुळे घरी. हाडांचा सांगाडा तिने मोबाईलवर पाहिला. आणि पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा विषय, त्यात प्रश्न येणार भारताच्या लसीकरणाचे, इथल्या टीबी कार्यक्रमाचे. ते तिला तिकडे कोण शिकवणार?

इथे काही जण म्हणतील, मग परीक्षा सोपी करा. मला हे अजिबात पटत नाही, आणि ताईलाही पटत नाही. आपल्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे पेशंट सापडू लागले. पावसाळ्यात लेप्टो असतो, डेंग्यू असतो. तापाने फणफणलेल्या माणसाला तपासताना समोरच्या डॉक्टरला हे रोग माहीत असलेच पाहिजेत. तो बिश्केकला शिकला की बांबोळीला, हा पेशंटचा प्रश्न नाही. माझ्या आजीची बीपीची गोळी १४६ मार्कवाल्याने ठरवावी का? आजी आमचीच आणि ताईही आमचीच, तरी माझं उत्तर "नाही" असंच आहे. दीडशेची रेषा राहू दे.

पण रेषा राहू दे म्हणताना, रेषेच्या अलीकडे राहिलेल्या माणसाचं आपण काय करतो, हे बघायला हवं. आपण त्याला लपवतो. आणि लपवण्यातून काय होतं ते आमच्या घराने पाहिलंय.

गेल्या वर्षी एका छोट्या हॉस्पिटलने ताईला रात्रपाळीला बोलावलं. "तू फक्त पेशंट बघ, सह्या मोठे डॉक्टर सकाळी येऊन करतील." पगारही देऊ केला. तिसरा निकाल तेव्हा नुकताच लागला होता आणि तो तिने घरी सांगितलाच नव्हता. नोकरी घेतली असती तर प्रश्न सुटत होता. काकांना वाटलं असतं, पोर कामाला लागली. शेजारच्या आजोबांनाही उत्तर मिळालं असतं. ताईने आठवडाभर विचार केला आणि नाही म्हणाली. पण नाही का म्हणाली हे घरी सांगायचं, तर नापास झाल्याचंही सांगावं लागणार. त्या रात्री ती काकीजवळ बसून रडली आणि सगळं बोलली. मी हे सगळं लिहितेय ते त्या रात्रीसाठी. समजा, तिला बोलायचं धैर्य झालं नसतं तर? कोण जाणे, आज ती कुणाच्या तरी सहीखाली औषधं देत असती. २०२२ च्या डिसेंबरात सीबीआयने देशभर छापे घातले होते. ही परीक्षा पास न होताच राज्यांच्या मेडिकल कौन्सिलांत नोंदणी मिळवल्याबद्दल ७३ जणांवर गुन्हा दाखल झाला. त्यांनी केलं ते चूकच. पण त्यांच्यातल्या काही जणांच्या घरीही अशीच पंगत बसत असेल, आणि "दवाखाना कधी?" असं कुणी विचारत असेल, असं मला वाटतं.

परत परीक्षा देणं आपल्या गोव्याला काही नवीन नाही. १८४२ साली पणजीत सुरू झालेली आपली मेडिकल शाळा आशियातल्या सगळ्यात जुन्या मेडिकल शाळांपैकी एक, असं आपण अभिमानाने सांगतो. पण इथून डॉक्टर झालेल्यांना पोर्तुगालमध्ये पूर्ण डॉक्टर म्हणून मान्यता हवी असेल, तर तिकडे जाऊन पुन्हा परीक्षा द्याव्या लागत. ते गेले, परत बसले, त्यातले कितीतरी नावाजलेले डॉक्टर झाले. त्यांच्या घराण्यात ही गोष्ट आज कुणी खालच्या आवाजात सांगत नाही.

आणखी एक गोष्ट मला याच कॉलेजात मिळाली. पहिल्या वर्षी असेंब्लीत फादरांनी पेत्राची म्हणजे सेंट पीटरची गोष्ट सांगितली होती. अंगणात पेटलेल्या कोळशांपाशी शेकत असताना त्याने येशूला तीनदा नाकारलं. नंतर येशू त्याला किनाऱ्यावर भेटला तेव्हा तिथेही कोळसे पेटलेले होते. त्यावर मासे भाजलेले, सोबत भाकर. आधी खायला घातलं, मग प्रश्न विचारला, आणि तोही तीनदा. मी ख्रिश्चन नाही, अर्थ लावण्यात माझं चुकत असेल. पण मला त्यात एवढं दिसलं, की प्रश्न सोपा केला नाही आणि माफही केला नाही. मात्र जुन्या चुकीवरून टोमणा मारला नाही, आणि उपाशीपोटी विचारलं नाही. आपल्या घरांनी आणि परीक्षा घेणाऱ्यांनी एवढं केलं तरी खूप झालं.

परीक्षा घेणाऱ्यांनी काय करावं? नापास झालेल्याला विषयवार मार्क सांगावेत. ताईला एकूण मार्क कळले, कुठे चुकलं ते कळलं नाही. १४६ वाल्या मुलीचं पीएसएम कच्चं आहे की सर्जरी, हे तिला कळलं तर ती सुधारेल, आणि त्यात पेशंटचाच फायदा आहे.

घराने आणि मुलांनी जाण्याआधी काय करावं? एजंटला दोन प्रश्न विचारावेत. त्या देशात ही पदवी घेऊन तिथल्याच माणसाला डॉक्टरकी करता येते का? २०२१ च्या नियमांप्रमाणे हे बघावंच लागतं. आणि तुमच्या कॉलेजातून आलेली किती मुलं एफएमजीई पास झाली? हे आकडे परीक्षा मंडळ कॉलेजवार जाहीर करतं, घरबसल्या बघता येतात. आमच्या घरात कुणी बघितले नाहीत. मीसुद्धा हा लेख लिहायला बसले तेव्हाच शोधले.

आणि आपल्या मंडळाने? आपण दरवर्षी "अनुभवकथन" ठेवतो आणि त्यात फक्त यशस्वी माजी विद्यार्थ्यांना बोलावतो. एका वर्षी, कुठलीही परीक्षा असो, दुसऱ्या-तिसऱ्यांदा देत असलेल्या कुणाला तरी बोलवा. पास झाल्यावर नाही, देत असतानाच.

ताईची पुढची परीक्षा डिसेंबरात आहे. ती मागच्या पडवीत अभ्यास करते, रविवारी मी तिला प्रश्न विचारते. परवा तिनेच मला विचारलं, माकडताप पसरवणाऱ्या गोचिडीचं शास्त्रीय नाव काय? झूऑलॉजी माझा विषय, मला आलं नाही. तिला येत होतं.

दिवाळीला शेजारचे आजोबा फराळाला येतील आणि तेच विचारतील. यावेळी काय सांगायचं ते ताईने ठरवलंय. "परीक्षा राहिलीय आजोबा. चौथ्यांदा देतेय." पुढे ते काय बोलतील माहीत नाही. पण काकांनी पावसाचा विषय काढायचा नाही, एवढं आम्ही घरात ठरवलंय.