वेदनेची नोंद कोण ठेवतो?

नागपूर, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगर येथील मोठ्या रुग्णालयात ‘आता घरी घेऊन जा’ हे वाक्य उच्चारले जाते, तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातील कुटुंबापुरते वैद्यकशास्त्राचे दार बंद झालेले असते. फाईल हातात येते, गाडी ठरते आणि रुग्ण मोताळ्याच्या, लोणारच्या वा संग्रामपूरच्या आपल्या घरी परततो. त्यानंतरचे दिवस, कधी आठवडे, तर कधी वर्षसुद्धा, कोणाच्याच नोंदवहीत नसतात. तंबाखूने जबडा पोखरलेला शेतमजूर, स्तनाचा कर्करोग हाडांत उतरलेली गृहिणी, पक्षाघाताने खिळलेले वृद्ध हे तेथे पडून असतात. घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक वर्ग आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील खाऱ्या पाण्याच्या गावांतून मूत्रपिंडाच्या विकाराची व्यथा कित्येक वर्षांपासून मांडली जात आहे. डायलिसिस झेपेनासे झालेल्या या रुग्णाचा अखेरचा काळ कर्करोगाच्या रुग्णाइतकाच कठीण असतो. पण त्याच्याकरिता स्वतंत्र शुश्रूषेची काही व्यवस्था असावी, हे सहसा कोणाच्या मनातही येत नाही.

अशा वेळी कुटुंब सल्ला विचारते तो ओळखीच्या कार्यकर्त्याला. ‘अमुक ठिकाणी ठेवून घेतात म्हणे, कसे आहे?’ आणि कार्यकर्ता उत्तर देतो, ‘चांगली माणसे आहेत, सेवाभावी संस्था आहे.’ हे उत्तर प्रामाणिक असते. परंतु ते अपुरे आहे. माणसे चांगली असणे आणि सेवा चांगली असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील अंतर ज्याला भोगावे लागते, तो ते सांगायला उरत नाही.

येथेच या विषयाची खरी अडचण आहे. शाळा वाईट असेल तर निकालात दिसते, बँक वाईट असेल तर ठेवीदार मोर्चा काढतात. मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेविरुद्ध मात्र तक्रार येतच नाही. रुग्ण निघून गेलेला असतो. नातेवाईक थकलेले असतात, आपण कमी पडलो या भावनेने खचलेले असतात, आणि ज्यांनी चार दिवस आधार दिला त्यांच्याविषयी त्यांच्या मनात कृतज्ञताच असते. संस्थेच्या अभिप्राय-वहीत म्हणूनच पानोपानी आभार आढळतात. त्या वहीवरून सेवेची पारख करायची म्हटली तर देशातील प्रत्येक संस्था सर्वोत्तम ठरेल.

मग पारख करायची कशी? या क्षेत्राचा आधुनिक इतिहास फार जुना नाही. 1967 साली लंडनमध्ये डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उभारले आणि शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक वेदना मिळून एकच ‘समग्र वेदना’ होते, ही मांडणी रूढ केली. ती भारतीय मनाला परकी वाटण्याचे कारण नाही. भारतातील या प्रकारचे पहिले केंद्र 1986 मध्ये मुंबईत वांद्रे येथे डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने सुरू झालेले शांती आवेदना. पुण्यात वारजे येथे 1997 पासून सिप्ला प्रतिष्ठानचे केंद्र विनामूल्य चालते. नागपुरात स्नेहांचल आहे. त्याच नागपुरात जामठा येथे डॉ. आबाजी थत्ते यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेचे राष्ट्रीय कर्करोग रुग्णालय उभे राहिले आणि 2023 मध्ये त्याचे पूर्ण स्वरूपात लोकार्पण झाले. ही सारी नावे आदराने घ्यावीत अशीच आहेत. पण बुलढाण्याच्या रुग्णाला शेवटच्या पंधरवड्यात समृद्धी महामार्गावरून नागपूरला नेणे हे उपचार नव्हेत, तो छळ आहे. त्याला सेवा हवी ती घरात, किंवा फार तर तालुक्याच्या गावी.

अशी सेवा देऊ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा तो मॉर्फिनचा. तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी हे जगभर मान्य झालेले, स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. त्यासाठी लागणारी अफू कायदेशीरपणे पिकवणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमच पट्ट्यात ती पिकते आणि नीमचला सरकारी कारखाना आहे. तरीही शेजारच्या विदर्भातील खेड्यात रुग्ण तळमळत मरतो. यामागे 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा आणि त्यातून निर्माण झालेली भीती आहे. अनेक परवान्यांच्या जंजाळामुळे रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडून दिले आणि डॉक्टरांच्या एका संपूर्ण पिढीला ते कसे द्यावे याचा सरावच राहिला नाही. 2014 मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. अत्यावश्यक अमली औषधांसाठी देशभर एकसारखे नियम आले आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाच्या एकाच मान्यतेवर ही औषधे ठेवता येऊ लागली. कायद्याची सबब तेव्हापासून उरलेली नाही. जी संस्था वेदनाशमनाचे नाव लावते आणि मॉर्फिनची मान्यता घेण्यासाठी अर्जही करत नाही, तिने आपल्या फलकावरील शब्द बदलावेत.

‘व्यसन लागेल’, ‘श्वास बंद पडेल’ ही भीती कुटुंबाच्या मनात असते, आणि ती समजण्यासारखी आहे. प्रशिक्षित डॉक्टर कमी मात्रेपासून आरंभ करून वेदनेच्या मानाने ती वाढवत नेतो, त्या वेळी हे धोके फार कमी राहतात. उलट मॉर्फिनने हमखास होणारा त्रास म्हणजे बद्धकोष्ठ. म्हणून एक साधी खूण सांगता येते: मॉर्फिनच्या चिठ्ठीवर सोबत रेचकही लिहिलेले आहे का? ते नसेल तर लिहिणाऱ्याला या कामाची जाण नाही.

दुसरा प्रश्न, वेदना मोजता का आणि लिहून ठेवता का? ताप मोजला जातो, रक्तदाब मोजला जातो. वेदना मात्र ‘थोडे दुखते’ एवढ्यावर सोडली जाते. शून्य ते दहा असे आकडे ज्या आजीला सांगता येत नाहीत, तिला ‘रुपयात किती आणे दुखते?’ असे विचारले तर ती बारा आणे की चार आणे हे अचूक सांगेल. आज बारा आणे असलेली वेदना तीन दिवसांनी किती झाली, हे त्या कागदावर दिसले पाहिजे. संस्थेची इमारत, उद्यान, देणगीदारांच्या नावांचा संगमरवर पाहून झाल्यावर अभ्यागताने कोणत्याही एका खाटेवरचा तो कागद (नाव झाकून का होईना) पाहायला मागावा.

तिसरी कसोटी पाठीवर असते. महाराष्ट्राला ती मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिकांनी शिकवली आहे. 27 नोव्हेंबर 1973 च्या अमानुष हल्ल्यानंतर अरुणा शानबाग 18 मे 2015 पर्यंत त्या रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणाचा निकाल देताना परिचारिकांच्या शुश्रूषेची मुक्त कंठाने प्रशंसा केली. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिला नव्हता, याचा त्यात विशेष उल्लेख होता. एका महापालिकेच्या, गर्दीने ओसंडणाऱ्या रुग्णालयात, परिचारिकांच्या पिढ्या बदलत असताना, चार दशके हे घडले. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. वेळच्या वेळी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, तोंड स्वच्छ करणे, आणि हे रात्रीच्या पाळीतही करणे एवढेच लागले. ज्या केंद्रात दाखल झाल्यानंतर रुग्णांना शय्याव्रण होतात, तेथे रात्री कोणी जागे नसते असे समजावे.

या मुद्द्यावर भावनेच्या भरात जाणे सोपे असते. मदर तेरेसांनी 1952 मध्ये कोलकात्यात कालीघाट येथे सुरू केलेल्या निर्मल हृदयची जगभर थोरवी गायिली गेली. 1994 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी तेथे भेट दिल्यावर लिहिले, की प्रेमाने केलेली सेवा आहे, परंतु निदानाची पद्धत सैल आहे आणि प्रभावी वेदनाशामके नाहीत. ही टीका हिंदुत्वाच्या वर्तुळात अनेकदा आनंदाने उद्धृत केली गेली. वस्तुत: तिचा उपयोग दुसऱ्याला हिणवण्यासाठी करण्यापेक्षा स्वत:च्या संस्थांना तोच प्रश्न विचारण्यासाठी करणे अधिक शोभले असते. भगवी पताका लावलेल्या सेवाकेंद्रातही मॉर्फिन नसेल, तर तेथील कण्हणे काही वेगळ्या जातीचे नसते. आणि वांद्र्याच्या डॉ. डिसोझांनी वेदनाशमनाचे शास्त्र या देशात रुजवले, हे मान्य करताना जीभ अडखळू नये.

श्रद्धेचा प्रश्न अर्थातच आहे. अखेरच्या क्षणी तुळशीपत्र आणि गंगाजल मुखात पडावे, कानावर नाम पडावे, ही सामान्य वारकऱ्याची इच्छा असते आणि ती पुरी करू देणे हा शुश्रूषेचाच भाग आहे. जेथे त्याला आडकाठी होते किंवा रुग्णाच्या दुर्बलतेचा फायदा घेऊन दुसरीच प्रार्थना लादली जाते, ते केंद्र या कसोटीवर नापास. हाच नियम उलट बाजूनेही तितकाच कठोरपणे लागू करावा लागेल. हिंदू संस्थेच्या खाटेवरील मुसलमान वृद्धाच्या उशाशी त्याच्या मुलाला कलमा म्हणता आला पाहिजे.

आपल्या परंपरेत स्वेच्छेने देह ठेवण्याचे थोर दाखले आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 1966 मध्ये प्रायोपवेशन केले, 1982 मध्ये पवनारला विनोबांनी अन्न-औषध थांबवले. त्या आत्मार्पणाच्या प्रकाशात एखाद्या शेतमजुराच्या असह्य वेदनेला ‘प्रारब्ध’ किंवा ‘तप’ म्हणणे हा मात्र अन्याय होईल. त्याने ती वेदना निवडलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क जीवनाच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे सांगितले आणि 2023 मध्ये त्यासंबंधीची कार्यपद्धती सुलभ केली. अतिदक्षता विभागातील नळ्या काढण्याविषयीचा हा निर्णय आहे. ज्याला मुळात वेदनाशामक गोळीच मिळालेली नाही त्याच्या सन्मानाचे काय, हा प्रश्न त्याच्याही अलीकडचा आहे. मृत्यूच्या गुणवत्तेविषयी ‘इकॉनॉमिस्ट’च्या संशोधन विभागाने 2010 मध्ये 40 देशांची क्रमवारी लावली, तीत भारत शेवटचा होता, 2015 मध्ये 80 देशांत 67 वा. मृत्यूचे इतके गहन चिंतन करणाऱ्या देशाची ही स्थिती आहे.

त्याच अहवालांत कौतुक झाले ते केरळचे. कोळिकोड येथे 1993 मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल व सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे काम आरंभले. पुढे तेथे शेजारीपाजारी राहणारे स्वयंसेवक प्रशिक्षण घेऊन रुग्णांच्या घरी जाऊ लागले, पंचायती त्यात उतरल्या आणि 2008 मध्ये राज्याने धोरण जाहीर केले. तेथील राजकारणाशी कितीही मतभेद असले तरी ही रचना अभ्यासण्याजोगी आहे. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी संस्थांनी स्वत:चे परीक्षण स्वत: करावे यासाठी किमान निकषांची एक यादीही 2014 मध्ये प्रसिद्ध केली. प्रशिक्षित डॉक्टर आणि परिचारिका, मॉर्फिनची उपलब्धता, वेदनेची लेखी नोंद, कुटुंबाचा व समाजाचा सहभाग, एवढेच नव्हे तर सेवकांच्या स्वत:च्या मन:स्वास्थ्याची काळजी अशा गोष्टी त्यात येतात.

स्वयंसेवकांची उणीव बुलढाणा जिल्ह्याला कधीच नव्हती. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानात गावोगावचे सेवाधारी मानधनाविना पाळीपाळीने येतात आणि तेथील शिस्त, स्वच्छता व मृदू वाणीचे उदाहरण सर्वत्र दिले जाते. 2021 मध्ये दिवंगत झालेल्या शिवशंकरभाऊ पाटलांनी घालून दिलेली ही घडी म्हणजे सेवा मोजूनमापून, वेळापत्रकाने आणि हिशेबाने करता येते याचा पुरावाच आहे. मेहकर तालुक्यातील विवेकानंद आश्रमाने रुग्णसेवेची परंपरा जपली आहे. यांपैकी काही हातांनी, प्रशिक्षण घेऊन, आपल्याच गावातील पाच-सहा घरांची जबाबदारी उचलली तर केरळकडे पाहत बसण्याचे प्रयोजन राहणार नाही. 

सरकारी बाजूही तपासावी लागेल. राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम 2012 पासून कागदावर आहे. गावच्या उपकेंद्रावर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हा फलक लागला की तेथे द्यावयाच्या बारा सेवांत वृद्धांची व उपशामक शुश्रूषा समाविष्ट असते. गावात अंथरुणाला खिळलेले किती, त्यांची यादी त्या केंद्रात आहे काय आणि शेवटची गृहभेट कोणत्या तारखेस झाली, हे ग्रामसभेत विचारण्यास कोणतीही मनाई नाही. बुलढाण्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे वेदनाशमनाचा बाह्यरुग्ण विभाग हवा, ही मागणी इमारतींची निविदा निघण्याच्या काळातच पुढे रेटायला हवी.

दूरध्वनीचेही विचारून घ्यावे. जळगाव जामोदहून रात्री दोन वाजता फोन केला तर कोण उचलतो, आणि उचलणाऱ्याला मात्रा वाढवण्याचा अधिकार आहे काय? सलाईन ‘नातेवाइकांच्या समाधानासाठी’ लावली जाते काय? रुग्णाने ‘मला काय झाले आहे?’ असे विचारल्यास त्याला उत्तर कोण देतो? आणि मृत्यूनंतर, तेरावा उरकल्यावर, संस्थेचे कोणी त्या घरी जाते काय? चांगल्या ठिकाणचा कार्यकर्ता जातो. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून परत घेतो, ज्या सुनेने वा लेकीने रात्री जागवल्या तिची विचारपूस करतो, आणि शेवटच्या तीन रात्री कशा गेल्या हे विचारून ते वहीत लिहून घेतो.