टीम ‘इज’ की टीम ‘आर’?

मॅच रंगात आलेली असते. कॉमेंटेटर म्हणतो, ‘इंडिया आर टू हंड्रेड फॉर थ्री.’ तेच ऐकून आपण इंग्रजीच्या पेपरात ‘द टीम आर’ लिहितो आणि त्यावर लाल फुली पडते. मग चुकलं कोण? कॉमेंटेटर की आपण?

टीम, फॅमिली, कमिटी, आर्मी हे शब्द म्हणजे कलेक्टिव्ह नाउन, आपल्या व्याकरणातली समूहवाचक नामं. शब्द एक, माणसं अनेक. क्रियापद कुणाकडे बघून लावायचं? मराठीत हा घोळच नाही. घोळका आला, थवा उडाला, संघ हरला. क्रियापद मुकाट शब्दाच्या मागे जातं.

ब्रिटिश इंग्रजी मात्र बोलणाऱ्याला निवड देते. अख्खा गट एक होऊन काही करत असेल तर एकवचन: ‘द कमिटी हॅज गिव्हन इट्स रिपोर्ट.’ गटातली माणसं वेगवेगळी डोळ्यांसमोर असतील तर अनेकवचन: ‘द कमिटी आर आर्ग्युइंग अमंग देमसेल्व्ह्ज.’ भांडायला किमान दोघं लागतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे! अमेरिकन इंग्रजी बहुतेक वेळा एकवचनच वापरते. ‘पोलीस’ आणि ‘कॅटल’ यांना मात्र दोन्हीकडे ‘आर’च लागतं.

परीक्षेपुरतं सांगायचं तर, वाक्यात मतभेदाची किंवा वेगवेगळं काही करण्याची खूण नसेल, तर एकवचन लिहा. आणि एकदा निवडलं की धरसोड नको. ‘हॅज’ लिहिलंत तर पुढे ‘इट्स’, ‘हॅव’ लिहिलंत तर ‘देअर’.

आता बघा, एवढी साधी गोष्ट वर्गात किती जणांना सांगितली जाते? आपल्या वाट्याला येतात त्या याद्या. कावळ्यांचा ‘मर्डर’, सिंहांचा ‘प्राइड’, घुबडांचं ‘पार्लमेंट’. यातले काही शब्द इंग्लंडमधल्या शिकारीच्या जुन्या पुस्तकांतून आले आहेत. १४८६ साली छापलेल्या ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’मध्ये तर वकिलांच्या आणि नन्सच्या समूहांनाही खास नावं आहेत, तीही चक्क गंमत म्हणून. रोजच्या बोलण्यात कावळ्यांना साधं ‘फ्लॉक’ म्हटलं तरी भागतं. गंमत म्हणून याद्या वाचा, पण इंग्रजी येण्यासाठी त्या घोकायची गरज नाही.

आपल्याच भाषेकडे बघा ना. आंब्यांची अढी, मडक्यांची उतरंड, भाकऱ्यांची चळत, मेथीची जुडी. हे शब्द आपण यादी करून कुठे पाठ केले? घरात, बाजारात कानावर पडले आणि आपले झाले. इंग्रजीही तशीच येते. वाचून, ऐकून आणि हो, चुकूनसुद्धा.

मराठी माध्यमातून आलेली कितीतरी मुलं ‘चुकेल’ या धास्तीने कॉलेजात तोंडच उघडत नाहीत. त्या धास्तीची सुरुवात अशाच एखाद्या लाल फुलीपासून होते, जिचं कारण कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून शिक्षकांना एक विनंती. फुली जरूर मारा, पण शेजारी एक ओळ लिहा. आणि मित्रांनो, ती ओळ नसेल, तर वही घेऊन सरळ जा आणि विचारा, ‘सर, हे का चुकलं?’