अर्धवट वाकळांचा हिशेब

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, कला

मराठीत गोधडीवर इतके गोड लिहिले गेले आहे की, तिच्याविषयी दोन कडू शब्द लिहिताना जरा भीतीच वाटते. ‘मायेची ऊब’ हे शब्द तर तिला जणू कायमचे टाचूनच ठेवले आहेत. आमच्या सातारा-सांगलीकडे तिला वाकळ म्हणतात. मी मात्र इथे लिहिणार आहे ते पुऱ्या न झालेल्या वाकळांविषयी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीला आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. माझ्या मामाचे घर गावभागात. पाणी ओसरले तेव्हा कापसाच्या गाद्या चिखल पिऊन अशा जड झाल्या होत्या, की दोघांना एक हलेना. त्या टाकूनच द्याव्या लागल्या. घरातली एकुलती एक जुनी वाकळ मात्र मामीने चार पाण्यांतून काढली, गच्चीवर वाळवली आणि त्याच रात्री लेकराच्या अंगावर घातली.

खटाव तालुक्यातल्या आमच्या गावी आजीला हे कळले. तिने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. पेटीत पाच वाकळा निघाल्या आणि पाचही अर्धवट! मामाकडे धाडायला त्यांतली एकही उपयोगाची नव्हती. मी तेव्हा दहावीत होते. पटकन बोलून गेले, “आजी, इतक्या वर्षांत एक तरी पुरी करायची होतीस!” आजी काहीच बोलली नाही. तिने वाकळा एकेक करून उलगडल्या आणि प्रत्येक कुठे थांबली ते बोटाने दाखवले.

पहिलीची फक्त कडेची पट्टी राहिली होती. त्या साली सुगी लवकर आली. दुसरीचा धावदोरा निम्म्यावर तुटला होता. आजोबांचे दुखणे तिथून सुरू झाले. तिसरीची ठिगळे जोडलेली होती, पण पाठीला लावायला लुगडे नव्हते. घरातले जुने लुगडे मधून फाटले, की त्याला दंड घालून ते पुन्हा नेसले जाई. वाकळीच्या वाट्याला ते यायचे कधी? चौथी उंदरांनी खाल्ली होती. आणि पाचवी? पाचवी सर्वांत देखणी. बारा चौकोनांची, प्रत्येक चौकोनाची मांडणी निराळी. कुठे सोंगट्यांचा पट, कुठे डमरू, कुठे तुळशीवृंदावन. आत्याला हात यावा म्हणून आजीने ती नमुन्यांची वाकळ घातली होती. सुट्टीत एक चौकोन, असा बेत. सात चौकोन झाले. आठव्यात सुई तशीच टोचलेली होती, गंजलेली. दहावीनंतर आत्याचे लग्न झाले, ती सुई तेव्हाची!

वाचकहो, मी जिला आळस समजले होते तो बाईच्या तुटलेल्या वेळेचा हिशेब होता. शेत, चूल, पाणी, बाळंतपणे, दुखणी यांतून उरेल त्या वेळात वाकळ शिवायची आणि कुणी हाक मारली की सुई टोचून उठायचे. आपण पुरी झालेली वाकळ पाहतो आणि मायेचे गोडवे गातो. पण पुरी वाकळ ही टाके लपवते, अर्धवट वाकळ खरे बोलते. माझे तर स्पष्ट मत आहे, की गोडवे गाणे ही आपली एक सोय आहे. स्तुती केली की सुई हातात घ्यावी लागत नाही!

आम्ही सुई घ्यायचे ठरवले. मला अर्थातच नमुन्यांची वाकळ आधी हवी होती. आजी म्हणाली, “देखणी आधी नव्हं पोरी. जी कुणाच्या अंगावर लवकर जाईल ती आधी.” म्हणून कडेची पट्टी राहिलेली सर्वांत साधी वाकळ प्रथम घेतली. दिवाळीपूर्वी ती सांगलीला पोचली. अर्धे काम अंगावर घेणाऱ्या कोणालाही मी हाच क्रम सांगेन. दुसरीला भावाला बसवले. “हे बायकांचे काम,” असे तो म्हणाला. त्यावर वडील म्हणाले, “साताऱ्यात राहतोस आणि असे बोलतोस?” १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढताना कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग मुलांपुढे ठेवला. हाताच्या कामाची लाज नको, हा धडा ज्या जिल्ह्यातून महाराष्ट्रभर गेला, त्या जिल्ह्यात सुईची लाज का? भावाचे टाके बोटभर लांब आले, पण आले.

कोणी म्हणेल, बाजारात स्वस्त ब्लँकेट मिळत असता हा खटाटोप कशाला? हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. पानिपतला जुने लोकरी कपडे फाडून त्यांचे पुन्हा सूत करतात आणि ब्लँकेटे विणतात. चिंध्यांचेच ते यंत्राने केलेले रूप. थंडी त्यानेही भागते. सगळेच अर्धवट काम पुरे केले पाहिजे, असेही मी मानत नाही. उंदरांनी खाल्लेली चौथी वाकळ आम्ही उसवली, धड ठिगळे तिसरीला लावली, बाकीची पोतेरी केली. त्याचे कोणालाही दुःख झाले नाही. पुरे करणे म्हणजे निवड करणेही आलेच.

पण नमुन्यांच्या वाकळीचे तसे नाही. अमेरिकेत प्रत्येक चौकोनाची मांडणी निराळी असलेल्या अशा गोधडीला ‘सँपलर’ म्हणतात. तिकडे अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या खेड्यातील कृष्णवर्णीय बायकांनी जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. आमच्या वाकळा भिंतीवर लागाव्यात, असे मी म्हणत नाही. ज्या हातांना कोणी कलावंत म्हटले नाही, त्यांतही मांडणीची बुद्धी असते, एवढे ध्यानात यावे.

२०२२ साली आजी गेली. त्या उन्हाळ्यात आत्या माहेरी आली आणि तिच्यापुढे मी पाचवी वाकळ ठेवली. जुन्या चौकोनांतले टाके वाकडेतिकडे होते. मी म्हटले, “आत्या, हे उसवून सारखे करूया का?” ती म्हणाली, “नको गं. ती पोर तेव्हा शाळेत होती. तिचं काम तसंच असू दे.” मग तिने गंजलेली सुई ओढून काढली. कापडावर तांबडा डाग राहिला. तोही आम्ही धुतला नाही. जिथे काम थांबले तिथली खूण पुसून टाकणे हे मला तरी पुरे करणे वाटत नाही.

आता दहा चौकोन झाले आहेत, दोन उरले आहेत. शेवटचे ठिगळ लावण्यापूर्वी आजी त्याच्याखाली ज्वारीचे चार दाणे ठेवी. वाकळ उपाशी राहू नये म्हणून. आत्या मे महिन्यात येणार आहे. दाणे मी निवडून ठेवले आहेत आणि भावाला सुट्टी काढायला सांगितले आहे.