न घेतलेल्या नमुन्यांचा हिशेब

पीक विम्यात उत्पादनावर आधारित भरपाई एकेका शेतकऱ्याच्या शिवारात किती पिकले यावर ठरत नाही. महसूल मंडळातली मोजकी शेते यादृच्छिक पद्धतीने निवडून तिथे पीक कापणी प्रयोग केले जातात. त्यांची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या खाली गेली, तरच भरपाई मिळते. समजा, एका मंडळात सोयाबीनचे खरे सरासरी उत्पादन हेक्टरी १० क्विंटल आहे, उंबरठा ११ क्विंटलचा आहे आणि शेताशेतांतल्या फरकाचे प्रमाण विचलन ४ क्विंटल आहे. अशा वेळी दहा शेते कापली, तर केवळ निवडीच्या योगायोगामुळे साधारण पाचांत एकदा सरासरी ११च्या वर जाईल. कोणी लबाडी केलेली नसेल, वजनकाटाही बरोबर असेल, तरीही सगळ्या मंडळाची हक्काची भरपाई बुडेल. चाळीस शेते कापली, तर हीच शक्यता शंभरात सुमारे सहावर येते. हा हिशेब कोणत्याही प्रगत गणितातला नाही. संख्याशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमातल्या ‘नमुना वितरण’ या एका प्रकरणात तो बसतो. पण ते प्रकरण आपण उलट्या क्रमाने शिकवतो आणि म्हणून परीक्षेत गुण मिळवलेल्या विद्यार्थ्यालाही हा हिशेब सुचत नाही, असे माझे ठाम मत आहे.

या प्रकरणात तीन गोष्टी वेगळ्या ओळखता याव्या लागतात: समष्टीतल्या मूल्यांचे वितरण, हाती आलेल्या एका नमुन्यातल्या मूल्यांचे वितरण, आणि त्याच आकाराचे असंख्य नमुने घेतले असते तर त्यांच्या सरासऱ्यांचे जे वितरण दिसले असते ते. वर्गात मात्र फळ्यावर पहिल्यांदा सूत्र येते: प्रमाण विचलनाला नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाने भागा, की प्रमाण त्रुटी मिळते. कशाचे विचलन, हा प्रश्न विचारायच्या आधीच उदाहरणे सोडवणे सुरू होते. मग ‘नमुना मोठा घेतला की आकडे घंटाकृती होतात’ असा पक्का गैरसमज घेऊन विद्यार्थी बाहेर पडतात. देशातल्या शेतजमिनींचे उदाहरण घ्या. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर होते, पण बहुसंख्य खातेदार एक हेक्टरच्याही आतले. नमुना जितका मोठा, तितका तो या कललेल्या चित्रासारखाच दिसेल. घंटेचा आकार येतो तो अनेक नमुन्यांच्या सरासऱ्यांना, आणि नमुना चौपट केला की त्या सरासऱ्यांचा पसारा निम्मा होतो.

नमुना वितरणाची ही कल्पना शास्त्रातही नुसत्या सूत्राच्या भरवशावर रुजलेली नाही. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांना थोड्याशा निरीक्षणांवरून निष्कर्ष काढावे लागत. १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिलेल्या शोधनिबंधासाठी त्यांनी ३,००० गुन्हेगारांची उंची आणि मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, ते तुकडे नीट मिसळले, एकेक काढून नोंदवले आणि चार-चारांचे ७५० नमुने तयार केले. त्यांच्यातून दिसलेले वितरण त्यांनी गणिताने काढलेल्या वक्राशी ताडून पाहिले. त्या वक्राच्या सूत्राची काटेकोर सिद्धता पुढे रोनाल्ड फिशर यांनी दिली. ज्याने सूत्र शोधले त्यालाही वितरण डोळ्यांनी पाहावेसे वाटले, आणि आपण नवख्या विद्यार्थ्याने ते न पाहताच मान्य करावे अशी अपेक्षा धरतो.

यावर एक आक्षेप तात्त्विक आहे. प्रत्यक्षात कोणीही एकच नमुना घेतो. मग न घेतलेल्या हजारो नमुन्यांचा विचार कशाला? उत्तर असे की, हाती असलेला आकडा खऱ्यापासून किती दूर असू शकतो हे तो आकडा एकटा सांगू शकत नाही. त्याच पद्धतीने आणखी काय येऊ शकले असते, हे कळल्यावरच त्याचे वजन ठरते. दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे: तासिका कमी, अभ्यासक्रम मोठा, परीक्षा सूत्रांची. तो खरा आहे, पण पुरेसा नाही. गॉसेट यांच्यासारखा चिठ्ठ्या काढण्याचा प्रयोग एका तासात होतो, आणि साध्या संगणकावर दहा हजार नमुने काही क्षणांत काढता येतात. त्यानंतर सूत्र शिकवायला कमी वेळ लागतो, कारण ते कशाबद्दल बोलते आहे हे विद्यार्थ्याने पाहिलेले असते. प्रश्नपत्रिकेत आकडेमोडीच्या चार प्रश्नांऐवजी एक प्रश्न ‘दुसरा नमुना घेतला असता तर?’ असा विचारला, तर वर्गातले शिकवणेही बदलेल.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पाहण्या चुकतात त्या बहुतेकदा योगायोगामुळे नव्हे, तर सदोष निवडीमुळे आणि मोजणीमुळे. तिथे प्रमाण त्रुटीचा काय उपयोग? सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात नेमके हेच दाखवून दिले होते. पीक कापणीसाठी फार लहान तुकडा आखला, तर कडेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पादन फुगते. असे कितीही तुकडे कापले तरी ही चूक घटत नाही. पण हा मुद्दा नमुना वितरणाच्या विरोधात जात नाही, तो त्यानेच स्पष्ट होतो. वितरणाचा पसारा किती आणि त्याचे केंद्र योग्य जागी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नमुना वाढवल्याने पहिला सुटतो, दुसरा सुटत नाही. ज्याने वितरण पाहिले आहे त्याला हा फरक लगेच समजतो. ज्याने फक्त सूत्र पाठ केले आहे तो मोठ्या नमुन्याला भुलतो.

याची गरज फक्त भावी संख्याशास्त्रज्ञांना आहे असे नाही. यादृच्छिक निवडीच्या दोन पाहण्यांत, प्रत्येकी हजार मतदारांना विचारून, एका पक्षाचा पाठिंबा ४२ टक्क्यांवरून ३९वर आला, तर ‘लोकप्रियता घसरली’ असा मथळा होतो. मतदारांचे मत तसूभर न बदलताही एवढा फरक पडू शकतो. २०११च्या जनगणनेनुसार सुमारे साडेचौदा लाख लोकसंख्येच्या गोव्यासाठी आणि अकरा कोटींहून मोठ्या महाराष्ट्रासाठी हजारांच्या नमुन्याची अचूकता जवळपास सारखीच असते, हेही अनेक सुशिक्षितांना पटत नाही. विमा, बेरोजगारी, कुपोषण, दारिद्र्य यांविषयीचे सरकारी निर्णय नमुन्यांवर उभे असतात. म्हणून विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी क्रम बदलावा: आधी नमुने पुन्हा पुन्हा काढून पाहणे, मग सूत्र. आणि नमुन्यावरून काढलेला प्रत्येक सरकारी आकडा, महसूल मंडळाची पीक कापणी सरासरीसुद्धा, त्याच्या प्रमाण त्रुटीसह जाहीर व्हावा. तो वाचता येणारे नागरिक घडवणे हे वर्गाचे काम आहे, आणि ते पहिल्याच वर्षी व्हायला हवे.