फेरतपासणी

वसुबारसेला लेकीने पहिल्या पगारातून आईसाठी सेंटची बाटली आणली. नाव ‘एंजल’. सौ.ने मनगटावर फवारा मारला. मी नाक पुढे केले आणि मास्तरी निकाल दिला, “हा सेंट, की मिठाईचे दुकान?”

सौ. गप्प. लेकीचा चेहरा उतरला. “बाबा, पहिल्या ओळीवरूनच पेपर तपासता का?”

मग तिनेच समजावले. हा 1992 सालचा, थिएरी म्युगलर यांचा फ्रेंच सेंट. ओलिव्हिए क्रेस्प यांनी त्यात एथिल माल्टॉल सढळ हाताने घातले. त्याचा वास पाकातल्या साखरेचा, जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा! जोडीला पॅचुली, म्हणजे आपल्या पाचेच्याच जातीची पाने. अंगाच्या उबेने हलके वास आधी उडतात, जड मागे राहतात. म्हणून दुकानातल्या कागदी पट्टीवर याची परीक्षा होत नाही.

मी घड्याळ पाहत बसलो. पहिली दहा मिनिटे लिंबाच्या सालीची तरतरी. तासाभराने मध, चॉकोलेट, करपू लागलेला पाक. रात्री जेवणे आटोपली तेव्हा साखर निवली होती. व्हॅनिलाच्या उबेत पाचेचा मातकट, किंचित कडसर वास उरला होता. त्या कडूपणानेच गोडाला खोली आली होती. आणि खाली, सौ.च्या हाताचा नेहमीचा वास.

चोवीस वर्षांत ते मनगट इतका वेळ मी हाती धरले नव्हते.

“निकाल बदलतो,” मी म्हणालो.

“फेरतपासणीला फी पडते,” सौ. म्हणाली.

पाडव्याच्या ओवाळणीत ती वसूल झाली.