पदके मिळाली, ऑलिंपिक मात्र हुकले
राहुल आवारेच्या कारकिर्दीतील चढउतार आणि निवडीचा न सुटलेला प्रश्न

कंधार : मार्गशीर्षात कंधारशेजारच्या लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा जनावरांच्या बाजाराइतकीच गर्दी कुस्त्यांच्या फडाला होते. फडातील न्याय सरळ असतो. पाठ मातीला लागली की निकाल लागला. त्यावर ना अपील, ना समिती. हाच पैलवान राष्ट्रीय संघाचे दार ठोठावू लागतो, तेव्हा मात्र प्रतिस्पर्ध्याला चीत करणे पुरेसे ठरत नाही. वजनगट, चाचणी, कोटा आणि महासंघाचे धोरण ही चार दारे उघडल्याखेरीज त्याला पुढे जाता येत नाही. मराठवाड्याचा अव्वल मल्ल राहुल आवारे याची कारकीर्द हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल पुण्याच्या तालमीत घडला. पण त्याला घडविणारे दोन्ही हात लातूरचे. पहिले गुरू निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार. १९६९ चे महाराष्ट्र केसरी असलेले बिराजदार मामा २०११ मध्ये निवर्तले आणि ऐन उमेदीच्या वयात राहुल पोरका झाला. त्यानंतर लातूर जिल्ह्याचेच अर्जुन पुरस्कारप्राप्त मल्ल काका पवार यांनी त्याला आपल्या संकुलात घेतले.

प्रारंभ दृष्ट लागावी असा होता. २००८ मध्ये पुण्यात झालेल्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धेत सुवर्ण, २००९ मध्ये कनिष्ठ जागतिक स्पर्धेत रौप्य आणि २०११ मध्ये ताश्कंदच्या आशियाई स्पर्धेत ५५ किलो गटात कांस्य. पुढचा टप्पा ऑलिंपिकचा, असेच सर्वांनी गृहीत धरले होते. परंतु २०१२ मध्ये लंडनला ५५ किलोत अमितकुमार गेला. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोची जागाही त्यालाच मिळाली. २०१६ च्या रिओसाठी उलानबातरच्या पात्रता स्पर्धेत कोटा मिळवून संदीप तोमरने ती जागा पक्की केली. राहुलला डावलले गेल्याची भावना त्या वेळी महाराष्ट्राच्या कुस्तीवर्तुळात तीव्र होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. ऑलिंपिकमध्ये प्रत्येक वजनगटात एका देशाचा एकच मल्ल उतरतो. क्रिकेटमध्ये अकरा जागा असतात आणि बाराव्यालाही पुढच्या महिन्यात संधी मिळते. कुस्तीत दुसऱ्या क्रमांकाच्या मल्लाला चार वर्षे थांबावे लागते. विशीतल्या पैलवानाची चार वर्षे म्हणजे जवळपास निम्मी कारकीर्दच होय.

राहुलने ती वर्षे वाया जाऊ दिली नाहीत. १२ एप्रिल २०१८ रोजी गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दुखापत सोसत त्याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असे हरवून ५७ किलोचे सुवर्ण जिंकले. ते पदक त्याने बिराजदार मामांच्या स्मृतीस अर्पण केले. मात्र त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पुन्हा संदीप तोमर उतरला.

खरा विरोधाभास त्यानंतरच्या वर्षी दिसला. सप्टेंबर २०१९ मध्ये नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेत भारताने पाच पदके जिंकली. दीपक पुनियाचे रौप्य. बजरंग पुनिया, रविकुमार दहिया, विनेश फोगट आणि राहुल आवारे यांची कांस्ये. पहिल्या चौघांना पदकाबरोबर टोकियोचा कोटा मिळाला. अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ असे नमविणाऱ्या राहुलच्या हाती केवळ पदक आले. कारण तो ६१ किलोत खेळला होता आणि हा गट ऑलिंपिकमध्ये नाही. जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या फ्रीस्टाइलचे दहा गट आहेत, ऑलिंपिकमध्ये सहा. ५७ च्या वर थेट ६५. मधल्या वजनाच्या मल्लाने एक तर अंग वाळवावे किंवा आपल्याहून भारी गड्याशी झुंजावे. ५७ किलोत रविकुमारने टोकियोत रौप्य मिळविले आणि राहुलचे ऑलिंपिक हुकले ते कायमचेच.

रविकुमारची निवड चुकीची होती, असे कोणी म्हणणार नाही. कोटा जिंकणाऱ्यालाच पाठवावे, या धोरणामागेही तर्क आहे. ऐन ऑलिंपिकच्या तोंडावर पुन्हा चाचणी घेतली, तर वजन घटविण्याचा ताण आणि दुखापतीचे भय वाढते. २०१६ मध्ये ७४ किलोच्या वादात सुशीलकुमारची चाचणीची मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळली होती. परंतु धोरण कोणतेही असो, ते सर्वांना सारखे आणि आधीच जाहीर हवे. २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी बजरंग आणि विनेश यांना चाचणीविना थेट प्रवेश मिळाला, तेव्हा तरुण मल्लांना न्यायालयात जावे लागले आणि तेथेही त्यांच्या पदरी निराशाच आली. अमेरिकेत ऑलिंपिकची निवड प्रेक्षकांसमोर होते आणि अंतिम लढत तीनपैकी दोन डाव जिंकणाऱ्याची असते. हरलेल्यालाही आपण का हरलो, हे ठाऊक असते.

हा प्रश्न आजचा नाही. हेलसिंकीत १९५२ मध्ये याच ५७ किलो गटात स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा जाधवांनाही निवडीत डावलले गेले होते. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितल्यावर फेरलढत झाली, ती त्यांनी जिंकली आणि मगच त्यांची वाट मोकळी झाली. एका महाराजांच्या न्यायबुद्धीवर त्या वेळी जे अवलंबून होते, ते आज यंत्रणेकडून मिळायला हवे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा लवादाची तरतूद आहे. मात्र निवडीच्या तक्रारीचा निकाल संघ रवाना होण्यापूर्वी लागला, तरच त्या लवादाला अर्थ राहील.

राज्य शासनाने राहुलला पोलीस उपअधीक्षकपद दिले आणि त्याला अर्जुन पुरस्कारही मिळाला, ही दोन्ही २०२० मधली गोष्ट. तेव्हा त्याची तिशी जवळ आली होती. उमेदीच्या काळात मल्लाला खुराक, फिजिओ आणि स्थैर्य लागते; आपल्याकडे ते पदकानंतर बक्षीस म्हणून दिले जाते. नांदेड-लातूरच्या तालमींत आज घाम गाळणाऱ्या मुलांना सत्काराची घाई नाही. चाचणी केव्हा, कोठे आणि कोणत्या नियमाने होणार, एवढे त्यांना वर्षभर आधी कळले, तरी राहुलच्या वाट्याला आलेली प्रतीक्षा त्यांच्या वाट्याला येणार नाही.